लंडन ते मुंबई नऊ तास. आणि मुंबई ते राजापूर?

"लंडनहून मुंबईला यायला विमानाला किती तास लागतात रे?"

जूनमधल्या एका पहाटे साडेचारला मला हा फोन आला. आमच्या वाडीतले तात्या गेले होते. मुलगा लंडनला. थांबायचं की उरकायचं, एवढंच जमलेल्यांना ठरवायचं होतं. पत्रकाराला सगळं ठाऊक असतं, असा गावाचा समज.

बघून सांगितलं. हवाई अंतर साधारण ७,२०० किमी. येताना नऊ तासांच्या आसपास, जाताना थोडे जास्त, कारण एवढ्या उंचीवरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. म्हटलं, "तिकडचं सकाळचं विमान मिळालं तर रात्री साडेअकरापर्यंत मुंबईत. थांबूया."

विमान मिळालं, वेळेवर उतरलंसुद्धा. रात्री साडेबाराला पोरगा विमानतळाबाहेर गाडीत बसला आणि घरी पोचला सकाळी अकराला. साडेदहा तास! पाऊस, खड्डे, अर्धवट पूल, वळवलेली वाहतूक, त्यात एक कलंडलेला ट्रक. इकडे बर्फाच्या लाद्या बदलणं चालू होतं. काकू सारख्या विचारत होत्या, "आता कुठे आलाय?" माणगाव. अर्ध्या तासाने पुन्हा, माणगावच.

हिशोब करा. ७,२०० किमीला नऊ तास, म्हणजे तासाला ८०० किमी. पुढच्या जेमतेम चारशे किमीला साडेदहा तास, म्हणजे तासाला चाळीससुद्धा नाही. वेळेत मोजलं तर मुंबईला आमच्या राजापूरपेक्षा लंडन जवळ आहे.

मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतर किती "अंतिम" तारखा ऐकल्या, ते तुम्हीच आठवा. कारणं पाठ आहेत: घाट, पाऊस, भूसंपादन. पण याच डोंगरांतून, याच पावसात ७४१ किमीची कोकण रेल्वे १९९० ते १९९८ या काळात उभी राहिली. म्हणजे डोंगर आणि पाऊस हे काही पूर्ण उत्तर नव्हे.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली. विमानांना वळसा पडला, काही मार्गांवर वेळ वाढला. पण तो वाढलेला वेळ वेळापत्रकात आला, प्रवाशाला आधी कळला. आमच्या रस्त्यावर वळसे रोजचे, पण खरा वेळ सांगायला कोणीच बांधील नाही. फलकावर फक्त किलोमीटर लिहिलेले. किलोमीटर घेऊन काय करायचं?

माझी मागणी साधी आहे. रस्ता पुरा होईल तेव्हा होईल. तोवर दर आठवड्याला पनवेल ते सावंतवाडी टप्प्याटप्प्याने खरा लागणारा वेळ अधिकृतपणे जाहीर करा. काम कुठे अडलंय, वाहतूक कुठून वळवलीय आणि त्या टप्प्याला जबाबदार अधिकारी कोण, हेही लिहा. याला नवा पैसा लागत नाही, खरं बोलायची तयारी लागते.

तात्यांचं तोंड पोराला बघायला मिळालं. सगळ्यांच्या नशिबी तेवढंही नसतं.

गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांनो, तुम्हाला गेल्या खेपेला मुंबई ते गाव किती तास लागले? खाली लिहा. गावाचं नाव आणि तास, एवढंच. सरकार आकडा देत नसेल तर आपणच जमवू आणि आमदार-खासदारांच्या टेबलावर नेऊन ठेवू.