नकाशांच्या लढाईत आपला औराद कोणता?

लातूरहून पंपाचे सुटे भाग घेऊन निघालेला टेम्पो गेल्या महिन्यात औरादला पोचला. ड्रायव्हरने दुकानदाराला फोन लावला, "शेठ, औरादच्या बसस्टँडवर उभा आहे, कुठं येऊ?" दुकानदारही बसस्टँडसमोरच उभा होता, पण टेम्पो काही दिसेना. पाच-दहा मिनिटं दोघांची बोलाचाली झाली, मग उलगडा झाला. दुकानदार बीदर जिल्ह्यातल्या औरादमध्ये आणि टेम्पो लातूर जिल्ह्यातल्या औराद शहाजानीत! नकाशाने चूक केली असंही म्हणता येत नाही. ड्रायव्हरने नुसतं 'औराद' टाकलं, मोबाईलने त्याला लातूरच्या जवळचा औराद दाखवला. जादा डिझेलचे पैसे कोणी द्यायचे, हा हिशेब अजून मिटलेला नाही.

ज्या मोबाईलवर हा घोळ झाला, त्याच मोबाईलवर ताबा मिळवण्यासाठी सध्या मोठमोठ्या कंपन्या भिडल्या आहेत. एका बाजूला गुगल मॅप्स. दुसऱ्या बाजूला मॅपमायइंडिया, म्हणजे मॅपल्स. मध्येच ओलाने स्वतःचे नकाशे आणले. 'स्वदेशी नकाशा वापरा' असा प्रचारही जोरात आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये खुद्द रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी मॅपल्स वापरून पाहा, असं जाहीरपणे सांगितलं. मग प्रश्न येतो की या लढाईत बीदर-गुलबर्ग्याच्या, उमरगा-निलंग्याच्या माणसाच्या पदरात काय पडणार?

फुकट नकाशाचे पैसे कोण देतं?

आपण रस्ता बघतो तेव्हा खिशातून काही जात नाही. म्हणून नकाशा फुकट आहे असं वाटतं. पण जेवण मागवायच्या, टॅक्सी बोलवायच्या, पार्सल पोचवायच्या अ‍ॅपमध्ये जो नकाशा दिसतो, त्याचं भाडं ती कंपनी नकाशावाल्याला देते. पत्ता शोधला, त्याचे पैसे. मार्ग काढला, त्याचे पैसे. हजार वेळा विचारलं की इतके, असा दर असतो. हा खर्च शेवटी आपल्याच बिलात कुठंतरी येऊन बसतो.

२०१८ मध्ये गुगलने या सेवेचे दर चांगलेच वाढवले आणि फुकटची मर्यादा कमी केली. पर्याय फारसे नव्हते, त्यामुळे बहुतेकांनी निमूट पैसे भरले. जुलै २०२४ मध्ये ओलाच्या भाविश अगरवाल यांनी जाहीर केलं की आम्ही गुगलचे नकाशे सोडले, त्यावर वर्षाला १०० कोटी रुपये जात होते. अ‍ॅप बनवणाऱ्यांना ओलाचे नकाशे वर्षभर फुकट देण्याची घोषणाही त्यांनी केली. त्याच महिन्यात गुगलने भारतासाठीचे दर ७० टक्क्यांपर्यंत उतरवले, रुपयांत बिल भरायची सोय दिली आणि सरकारी पाठबळाच्या ओएनडीसी जाळ्यावर काम करणाऱ्यांना ९० टक्क्यांपर्यंत सूट सांगितली. नवे दर १ ऑगस्टपासून लागू झाले. मोंढ्यात समोर दुसरा आडत्या बसला की पहिल्याचं कमिशन कसं खाली येतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पण याच महिन्यात तिसरा गडीही मैदानात उतरला. ओलाने आमचा डेटा उचलून स्वतःचा नकाशा केला, असा आरोप करत मॅपमायइंडियाने ओला इलेक्ट्रिकला कायदेशीर नोटीस पाठवली. ओलाने आरोप फेटाळले. ही कंपनी १९९५ पासून नकाशांच्या धंद्यात आहे आणि डिसेंबर २०२१ मध्ये १,०३३ रुपये भावाने तिचा शेअर बाजारात आला. मोटारींच्या डॅशबोर्डवर दिसणारे नकाशे हा तिचा जुना धंदा. एका नोटिशीवरून एवढं नक्की कळतं की या धंद्यात खरा माल म्हणजे गोळा केलेली माहिती. स्क्रीनवरचं चित्र कोणीही काढेल. कुठल्या गल्लीत कुठलं दुकान, कुठल्या वाडीला कुठून वाट, हे गोळा करायला मात्र माणसं, गाड्या आणि वर्षं लागतात.

कायद्याची बाजू

सरकारनेही पाट मोकळे केले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या नव्या नियमांनी भारतीय कंपन्यांना नकाशे करायला आधीची परवानग्यांची कटकट संपवली. एक मीटरपेक्षा बारीक अचूकतेचा डेटा मात्र फक्त भारतीय कंपन्यांनीच गोळा करायचा आणि ठेवायचा, परदेशी कंपनीने तो त्यांच्याकडून परवान्याने वापरायचा, अशी अट घातली. म्हणूनच जुलै २०२२ मध्ये गुगलने रस्त्यावरची दृश्यं दाखवणारी स्ट्रीट व्ह्यू सेवा आणली ती जेनेसिस आणि टेक महिंद्रा या भारतीय कंपन्यांना बरोबर घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड फोनवर स्वतःची अ‍ॅप्स लादल्याबद्दल गुगलला १,३३७ कोटींचा दंड केला. मार्च २०२३ मध्ये अपिलीय लवादाने तो कायम ठेवला.

म्हणजे कागदावर दार उघडं आहे. पण नव्या फोनमध्ये जो नकाशा आधीच बसलेला असतो तोच बहुतेक लोक वापरतात. आणि जितके लोक वापरतात, तितकी त्यांच्या फोनच्या हालचालीवरून ट्रॅफिकची माहिती जास्त मिळते. माहिती जास्त, म्हणून नकाशा चांगला. नकाशा चांगला, म्हणून लोक जास्त. हे चक्र मोडणं नुसत्या स्वदेशीच्या घोषणेने होत नाही.

लढाई शहरात, गोंधळ शिवारात

आता आपल्या भागाकडे येऊ. स्ट्रीट व्ह्यूची पहिली १० शहरं बघा. कर्नाटकातून फक्त बेंगळुरू. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर. जुलै २०२४ मध्ये गुगलने चारचाकीला अरुंद रस्ते टाळायची सोय आणली, ती आठ शहरांसाठी. उड्डाणपुलाची सूचना ४० शहरांसाठी. मॅपल्सने अलीकडे बेंगळुरूत सिग्नल सुटायला किती सेकंद उरले ते दाखवायला सुरुवात केली. सगळं चांगलंच आहे. पण आळंद किंवा बसवकल्याण तालुक्यातल्या माणसाला सिग्नलचे सेकंद नकोत. त्याला हवं ते एवढंच की समोरचा रस्ता डांबरी आहे की बैलगाडीची पाणंद, आणि पुढच्या ओढ्यावर पूल आहे की नुसता दगडी बंधारा.

कंपन्यांना दोष देऊन भागत नाही. जिथे टॅक्सी धावते, ऑर्डर पडते, तिथला नकाशा सुधारला की कमाई होते. आपल्या वाडी-तांड्यावर दिवसाला दोन पार्सलं येतात. त्यांच्यासाठी गाडी फिरवून रस्ते मोजायला कोण येईल? स्पर्धेने भाव उतरतो हे खरं. पण ज्या गावात दोघांपैकी कुणाचंच दुकान नाही, तिथे भाव उतरून काय उपयोग?

दुसरा गोंधळ नावांचा. जानेवारी २०२१ मध्ये गुगलने ठिकाणांची इंग्रजी नावं आपोआप दहा भारतीय भाषांत लिहायला सुरुवात केली. त्यात मराठीही आहे, कन्नडही. पण यंत्र इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिणार. इंग्रजीत ळ नाही, ण नाही, आ आणि अ एकच. मग आळंदचं 'अलंद' होतं. मराठीत 'आळंद' टाईप करायला जावं तर आधी पुण्याजवळची आळंदी सुचवली जाण्याची भीती. गाणगापूरचं तर विचारूच नका. कन्नडमध्ये देवल गाणगापूर, रेल्वेच्या पाटीवर गाणगापूर रोड, इंग्रजीत दोन-चार प्रकारची स्पेलिंगं. सोलापूर, पुण्याहून दत्तदर्शनाला येणारी मंडळी नकाशावर 'गाणगापूर रोड' बघतात आणि मंदिर स्टेशनाजवळच असेल समजतात. प्रत्यक्षात स्टेशनपासून मंदिर वीसेक किलोमीटर आत, अफझलपूर तालुक्यात. गुलबर्ग्याचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कलबुर्गी झालं, पण मराठी माणूस आजही गुलबर्गाच टाकतो. मोठ्या शहराची दोन्ही नावं नकाशाला ठाऊक असतात. वाडीची कोण ठेवणार?

औरादचा घोळ तर नकाशावाल्यांपेक्षा जुना आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेआधी निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. दोन्ही औराद एकाच जिल्ह्यात. म्हणून लोकांनी आणि कचेऱ्यांनी त्यांना शेपट्या लावल्या, एक औराद शहाजानी, दुसरा औराद बी. १ नोव्हेंबर १९५६ ला मध्ये राज्याची हद्द आली. आज लोक बोलताना शेपूट गाळतात, आणि मोबाईलला आपल्या बोलण्यातला औराद कळत नाही.

गंमत म्हणजे हिंदुस्थानचा शास्त्रशुद्ध नकाशा काढताना बीदर हे मोजमापाच्या पायाभूत ठिकाणांपैकी एक होतं. दक्षिणोत्तर मोजणीच्या महाकमानीसाठी इंग्रजांनी देहरादून, सिरोंज आणि बीदर या ठिकाणी पायारेषा काटेकोर मोजल्या होत्या. ज्या भूमीवरून देशाची मापं घेतली, तिथल्याच गावाचा आज पत्ता लागत नाही.

चुकीची किंमत

टेम्पो चुकला तर डिझेल जातं. सगळ्याच चुका इतक्या स्वस्त नसतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नकाशा बघत निघालेली मोटार रामगंगेवरच्या अर्धवट पुलावरून खाली पडली आणि तीन तरुण गेले. पोलिसांनी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांबरोबर नकाशा कंपनीच्या अधिकाऱ्यावरही गुन्हा नोंदवला. पूल अर्धवट आहे हे खात्याला ठाऊक होतं. नकाशाला ठाऊक नव्हतं. दोघांच्या मधे कुणी दुवाच नव्हता.

आपल्याकडेही हा दुवा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये भीमेला पूर आला तेव्हा गुलबर्गा जिल्ह्यात कित्येक पुलांवरून पाणी गेलं. कुठला पूल बंद, हे तहसीलला कळतं, पोलीस ठाण्याला कळतं, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरतो. पण नकाशात ते चढायला कुणीतरी तिथे जाऊन कळवायला हवं. आणि हद्दीवर तर अडचण दुप्पट. पलीकडच्या तालुक्याचं पत्रक मराठीत, अलीकडच्याचं कन्नडमध्ये. उमरग्याहून निघालेल्या माणसाला आळंदचा पूल बंद असल्याचं कळणार कसं?

मग करायचं काय?

आपण होऊन नकाशात दुरुस्त्या करणारे तरुण गावोगाव आहेत. त्यांचं कौतुकच. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी. एका कंपनीच्या अ‍ॅपमध्ये आपण गावाचं नाव, वाट, दुकान भरलं की ती माहिती त्या कंपनीच्या पेटीत जाते. दुसऱ्या कंपनीला ती मिळत नाही. म्हणजे फुकट मजुरी आपली आणि माल त्यांचा. त्यापेक्षा ओपनस्ट्रीटमॅपसारख्या सर्वांना खुल्या नकाशात भरलेलं बरं, तिथून कोणीही घेऊ शकतं.

टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हाही उपयोगाचा. देशाची जमीन साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत पाडून प्रत्येकाला दहा अक्षरी खूण दिली आहे. शेतातल्या आखाड्यालाही पत्ता मिळतो. पण ही खूण इंग्रजी अक्षर-अंकांत आहे आणि ती फक्त जागा सांगते, तिथवरची वाट सांगत नाही. फोनवर म्हाताऱ्या माणसाने ती सांगायची तर पंचाईतच.

खरं काम ग्रामपंचायतीचं आणि जिल्हा प्रशासनाचं आहे. प्रत्येक गावाचं, वाडीचं, तांड्याचं, क्रॉसचं नाव कन्नड आणि मराठी दोन्ही लिपींत, बोलीतल्या जुन्या नावासह एकदा जाहीर करावं. बंद पुलांची यादी पावसाळ्यात रोजच्या रोज खुली ठेवावी. ती बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या चारही जिल्ह्यांनी एकमेकांना द्यावी. मग गुगल असो की मॅपल्स, ज्याला हवी त्याने ती घ्यावी. यात भाषेचं राजकारण आणायचं कारण नाही. गावाचं नाव दोन लिपींत लिहिल्याने हद्द हलत नाही, पण टेम्पो योग्य औरादला जातो.

तोवर एक साधी काळजी घ्या. कुणाला पत्ता देताना गावाबरोबर तालुका आणि पिनकोड सांगा. बीदर-गुलबर्ग्याचे पिन ५८५ ने सुरू होतात, लातूरकडचे ४१३ ने. सुटे भाग मागवणाऱ्या आमच्या दुकानदाराने आता बिलबुकावरच छापून घेतलंय: 'औराद, जि. बीदर, कर्नाटक. शहाजानी नव्हे.'