चहातली पुडी

मैत्रिणींनो, परवा शाळा सुटून घरी येते तो शेजारच्या वहिनी दारात उभ्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक पुडी काढली. “पिणाऱ्याला न कळता चहात घालायची. सुटते म्हणे!” पुडीवर औषधाचं नावसुद्धा नव्हतं. माझ्या पोटात धस्स झालं.

अशा पुड्यांत काय असतं, देव जाणे. पण डॉक्टरांची डायसल्फिरामची गोळीही काही घरांत अशीच चोरून दिली जाते. ही गोळी मूळची रबर कारखान्यातल्या रसायनाची. डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे संशोधक ती जंतांवर चालेल का, ते पाहत होते. स्वतः गोळ्या घेतल्या आणि वर मद्य घेतल्यावर बेजार झाले! १९४८ साली त्यांनी ते जगापुढे मांडलं.

दारूचं शरीरात आधी ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य होतं, मग ते निवळतं. गोळी हे निवळणंच अडवते. मग चेहरा लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या. रक्तदाब एकदम उतरला तर जिवावरही बेततं. ज्याला गोळीची कल्पनाच नाही, तो नेहमीसारखा पिणार. म्हणजे नवऱ्याला वाचवायला गेलो नि काय करून बसलो! गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत धोका राहतो. खोकल्याची काही औषधं, आसवं-अरिष्टं यांतही मद्यार्क असतो, तेव्हा घरातल्या बाटल्या आधी तपासा.

आता दुसरी औषधंही आहेत. नाल्ट्रेक्सोनने पिण्यातली मजा कमी होते, ॲकॅम्प्रोसेटने सोडल्यानंतरची तलफ. कुणाला कुठलं, हे यकृत नि मूत्रपिंड तपासून डॉक्टरच ठरवतात. आणि रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात.

नुसत्या गोळीने भागत नाही, हेही खरं. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केलं. तिथं बोलणं, गटात बसणं, घरच्यांना समजावणं यावरच मोठा भर.

“पण हे यायला तयार नाहीत हो,” वहिनी म्हणाल्या. म्हटलं, नसू देत. सल्ला विचारायला बायकोनं एकटीनं गेलं तरी चालतं.

पुडी त्यांनी माझ्याकडेच ठेवली. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघी कोल्हापूरला मनोविकारतज्ज्ञांकडे निघालोय. घरी सांगितलंय, साड्या बघायला.