घरचा माणूस कोठडीत, मूल चौकशीत

लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीवरून एखाद्या मुलीच्या काकाला अटक होते आणि त्या दिवसापासून त्या घरात दोन निरनिराळ्या चौकश्या सुरू होतात. एक गुन्ह्याची, दुसरी मुलीच्या सुरक्षिततेची. पहिलीचा परिचय चळवळीतील माणसाला पुष्कळ असतो. कोठडी, जामीन, वकीलपत्र हे शब्द आपल्याला नवे नाहीत. दुसरीविषयी मात्र आपले अज्ञान मोठे आहे, आणि त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

२०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांनी अशा तक्रारीची खबर चोवीस तासांत बालकल्याण समितीला द्यावयाची असते. आरोपी मुलाच्याच घरात राहणारा असेल, तर २०२० च्या नियमांप्रमाणे चोवीस तासांत मुलाला समितीपुढे न्यावे लागते आणि त्याला घरातून हलविण्याची गरज आहे काय, ह्याचा निर्णय समितीने तीन दिवसांत करावयाचा असतो. एक अध्यक्ष व चार सदस्य अशी ही समिती असते. मुलाची इच्छा काय, आईवडिलांची त्याला सांभाळण्याची तयारी व कुवत किती, हे तिने पाहावयाचे असते. समाजकार्यकर्ता घरी येऊन गृहचौकशी करतो आणि अहवाल देतो. मुलाला संस्थेत ठेवणे हा अगदी अखेरचा उपाय होय, असे २०१५ चा बालन्याय कायदा स्पष्टपणे सांगतो.

कायद्याची ही बाजू निःसंशय चांगली आहे. प्रश्न आहे तो ‘कुवत’ ह्या शब्दाचा. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला ह्या शब्दापाशी थांबावेच लागते.

अटक झालेला माणूस पुष्कळदा घरातला कमावता असतो. त्याची मिळकत थांबते, पण खोलीचे भाडे थांबत नाही. आई धुणीभांडी करणारी वा रोजंदारीवर जाणारी असेल, तर पोलीस ठाणे, वैद्यकीय तपासणी, समितीचे कार्यालय, न्यायालय ह्यांतील प्रत्येक फेरी म्हणजे एक खाडा. सासरची माणसे ‘तक्रार मागे घे, घराची अब्रू जाते’ म्हणून रात्रंदिवस मागे लागतात. शेजारीपाजारी येणेजाणे बंद करतात. मुलगी शाळेत जाईनाशी होते. नेमक्या ह्याच आठवड्यात समाजकार्यकर्ता दारात उभा राहतो. ‘मुलीला रिमांड होममध्ये टाकतील’ एवढेच आईच्या कानावर आलेले असते. ती भीतीने गप्प बसते, नाहीतर सारे ठीक आहे असे खोटेच सांगते. थकलेले भाडे, रिकामे डबे आणि गप्प बसलेली आई पाहून अहवालात लिहिले जाते की, ह्या घराची मुलाला सांभाळण्याची कुवत नाही. वस्तुतः तेथे मोजली गेली ती गरिबी आणि एकाकीपणा. कुवत ही कुटुंबाच्या अंगची कायमची गोष्ट नव्हे. त्या आठवड्यात त्याच्यामागे कोण उभे राहते, ह्यावर ती पुष्कळशी ठरते.

म्हणूनच कार्यकर्त्याचे काम येथे सुरू होते. परंतु त्याआधी त्याने आपली एक जुनी सवय बाजूला ठेवली पाहिजे. वस्तीतील भांडणे मिटविणे हे आपण पुण्यकर्म समजत आलो. येथे ‘मिटविणे’ म्हणजे मुलाला पुन्हा त्याच माणसाच्या शेजारी निजविणे होय. असा गुन्हा माहीत असून पोलिसांना न कळविणे हाही ह्या कायद्याने गुन्हाच आहे. ‘आपला माणूस असे करणार नाही’ हे वाक्यही कोणी उच्चारू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडील अशा प्रकरणांत आरोपी बहुतांशी मुलाच्या ओळखीचाच असतो. आरोपीला वकील आणि जामीन मागण्याचा हक्क आहे, तो आपण नाकारीत नाही. पण त्याच्या जामिनासाठी धावणारा आणि मुलाच्या आईचा आधार होणारा कार्यकर्ता एकच असू शकत नाही.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, गरिबांच्या घरात डोकावणारी ही सरकारी नजर मध्यमवर्गीय असते. ते अनेकदा खरे आहे. परंतु दार लावून घेतल्याने ती नजर निवळत नाही, उलट अधिक संशयी होते. दुसरा असा की, ज्या घराने अत्याचार झाकला, त्याला आधार का द्यावा? आई स्वतःच मुलीवर दडपण आणीत असेल, तर मुलीला तेथून हलविलेच पाहिजे, आणि तसे समितीला सांगण्याचे धैर्य आपल्यापाशी हवे. अशा वेळी मावशी वा आजी तिला सांभाळू शकेल काय, हे शोधण्यात मदत करावी. कुटुंबाच्या पाठीशी उभे राहणे म्हणजे कुटुंबाची वकिली करणे नव्हे.

प्रत्यक्ष काम साधे आहे. घोळका न नेता, आईला विश्वास वाटेल अशा एकाच व्यक्तीने, शक्यतो स्त्री कार्यकर्तीने, सोबत जावे. काय घडले हे मुलीला विचारू नये. ते विचारणारे लोक नेमलेले आहेत. तिचे नाव बैठकीतसुद्धा उच्चारू नये. अडचणी लपवू नकोस, असे आईला सांगावे. आरोपी जामिनावर सुटला तर तो राहील कोठे, ह्या प्रश्नाचे उत्तर चौकशीपूर्वीच ठरवून समितीपुढे लेखी मांडावे. अन्न, वस्त्र, प्रवास ह्यांसाठी तातडीची रक्कम देण्याची शिफारस समिती करू शकते आणि शिफारशीनंतर ती आठवड्यात मिळावयास हवी. मनोधैर्य योजना आहे; पात्र ठरल्यास बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. खटला संपेपर्यंत साथ देणारी सहायक व्यक्ती समितीकडे मागता येते. बहुतेक आयांना ह्यांतले काहीच ठाऊक नसते.

समितीतील जागा वेळेवर भराव्यात, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला पुरेसे व कायम कर्मचारी मिळावेत, ही मागणी आपण रस्त्यावरही केली पाहिजे. परंतु ती मान्य होईपर्यंत त्या आईचे खाडे थांबणार नाहीत. महिन्याचे भाडे, मुलीची शाळा आणि समितीच्या तारखेला सोबत, एवढे तरी प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीत अंगावर घ्यावे.