चाळिशीला बंद झालेले दार आणि साठीचा हिशेब

रामाकोना हे गाव गोव्यातील वाचकाला ठाऊक असण्याचे फारसे कारण नाही. नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरील, सौंसर तालुक्यातील हे गाव. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला, तरी घराघरांत मराठी टिकून आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे करून नवा पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. शेती संत्र्याची आणि कापसाची. नोकरी म्हटली की जवळच्या बोरगाव औद्योगिक क्षेत्राची. थोडक्यात, पन्नाशी ओलांडलेला माणूस येथे एक तर बागवान असतो, नाही तर खासगी कारखान्यातला कामगार, आणि अनेकदा दोन्ही.

या गावाकडे पाहण्याचे कारण एवढेच की, निवृत्ती जवळ आलेल्या सामान्य माणसाच्या आर्थिक नियोजनाचा प्रश्न तेथे उघडा दिसतो. सरकारी नोकरांच्या जुन्या आणि नव्या निवृत्तिवेतनावर देशभर वाद झडले, सरकारांना भूमिका बदलाव्या लागल्या. परंतु ज्यांना सरकारी पगार कधी मिळाला नाही आणि जे आज पन्नास ते साठ या वयोगटात आहेत, त्यांच्यासाठी धोरणकर्त्यांनी नेमके काय ठेवले आहे, या प्रश्नाचे उत्तर बोरगावात आणि आपल्या वेर्णा किंवा कुंडई औद्योगिक वसाहतीत बरेचसे एकच आहे.

जन्मवर्षाचा अडसर

असंघटितांसाठी केंद्राने गेल्या दशकात तीन निवृत्तिवेतन योजना आणल्या. अटल पेन्शन योजना मे २०१५ मध्ये सुरू झाली. २०१९ मध्ये प्रथम श्रमयोगी मानधन आणि त्यानंतर शेतकऱ्यांसाठी किसान मानधन योजना आली. अटल योजनेत साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी आहे. उरलेल्या दोहोंत ३,००० रुपयांची. तिन्हींत प्रवेशाचे वय १८ ते ४०.

चाळिशीच्या या मर्यादेमागे गणित आहे. माणसाने किमान वीस वर्षे थोडेथोडे भरले तरच साठीनंतर हमीची रक्कम देणे परवडते. गणित बरोबर आहे, पण त्याचा परिणाम कोणावर झाला हे पाहिले पाहिजे. २०१५ मध्ये ज्याने चाळिशी ओलांडली होती, त्याला अटल योजनेचे दार पहिल्याच दिवशी बंद होते. २०१९ मध्ये पंचेचाळिशीत असलेल्या शेतकऱ्याची गत तीच. म्हणजे आज जे साठीच्या उंबरठ्यावर आहेत, नेमकी तीच पिढी तिन्ही योजनांच्या बाहेर राहिली. अटल योजनेत आठ कोटींहून अधिक नावे नोंदली गेल्याचे सांगितले जाते. ती सारी तरुणांची आणि मध्यमवयीनांची आहेत. त्यांना लाभ मिळेल तो पुढील दशकापासून. आजच्या पंचावन्न वर्षांच्या माणसाला या आकड्याचा काही उपयोग नाही.

त्याच्यासाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली, म्हणजे एनपीएस, खुली आहे. २००९ पासून ती सर्व नागरिकांसाठी आहे आणि प्रवेशाचे वय पुढे सत्तरीपर्यंत वाढवले गेले. मात्र तेथे हमी नाही. जेवढे भराल आणि बाजार जेवढे देईल तेवढे. उशिरा येणाऱ्याला सवलत नाही आणि सरकारचा वाटाही नाही.

तीस वर्षांची नोकरी, साडेचार हजारांचे वेतन

कारखान्यातल्या कामगाराची गोष्ट वेगळी, असे वाटेल. त्याला भविष्यनिर्वाह निधी आहे आणि नोव्हेंबर १९९५ पासून लागू असलेली कर्मचारी पेन्शन योजना, म्हणजे ईपीएस-९५ही आहे. पण हिशेब मांडून पाहावा.

समजा, एक कामगार सप्टेंबर १९९६ मध्ये लागला आणि वयाच्या ५८व्या वर्षी, सप्टेंबर २०२६ मध्ये, तीस वर्षे पूर्ण करून निवृत्त होत आहे. सूत्र सोपे आहे : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. परंतु वेतनाची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पर्यंत ६,५०० रुपये होती आणि त्यानंतर १५,००० झाली. दोन्ही कालखंडांचा हिशेब ज्याच्या त्याच्या मर्यादेने होतो. पहिल्या अठरा वर्षांचे सुमारे १,६७० रुपये, पुढील बारा वर्षांचे सुमारे २,५७० रुपये. वीस वर्षांहून अधिक सेवेबद्दल मिळणारी दोन वर्षांची भर धरली तरी एकूण रक्कम साडेचार हजारांच्या आसपासच राहते. प्रत्यक्ष पगार तीस हजार असला तरी फरक पडत नाही. उच्च वेतनावर निवृत्तिवेतनाचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२च्या निकालाने काहींसाठी मोकळा केला, पण त्यासाठी भरावयाची थकीत रक्कम आणि कागदपत्रे पाहता तो सर्वांचा मार्ग नव्हे.

या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. ते ७,५०० रुपये व्हावे म्हणून बुलढाण्याहून उभे राहिलेले पेन्शनरांचे आंदोलन अनेक वर्षे सुरू आहे. उलट एप्रिल २०२५ पासून केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आलेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेत दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान १०,००० रुपयांची हमी आहे, वर महागाई दिलासा. सेवेची अट दोन्हीकडे दहा वर्षांचीच. रक्कम मात्र दहापट आणि एका बाजूला महागाईशी कसलाही संबंध नाही. महागाई दरसाल पाच टक्के धरली तरी चौदा वर्षांत खर्च दुप्पट होतो. साठाव्या वर्षी साडेचार हजारांत जे येईल, त्याच्या निम्मेच चौऱ्याहत्तराव्या वर्षी येईल.

सर्वात मोठा धोका कंत्राटी कामगाराला आहे. कंत्राटदार बदलला की निधीचे खाते बदलते. पैसे काढून घेतले की सेवेची वर्षे मोडतात. दहा वर्षे भरली नाहीत तर मासिक निवृत्तिवेतनच मिळत नाही. म्हणून निवृत्तीपूर्वी पाच-सहा वर्षे आधी जुनी खाती एकत्र करून घेणे आणि नोकरी सोडताना पेन्शनची रक्कम न काढता योजना प्रमाणपत्र घेणे, ही दोन कामे कोणत्याही गुंतवणुकीपेक्षा अधिक मोलाची आहेत. ज्याला ५८व्या वर्षी गरज नाही, त्याने निवृत्तिवेतन साठीपर्यंत लांबवले तर दरवर्षी चार टक्के वाढ मिळते. उलट पन्नाशीनंतर मुदतीआधी घेतले तर दरवर्षामागे चार टक्के कायमचे कापले जातात. ही कपात पुढे कधीही भरून येत नाही.

बागवानाला निवृत्ती कोठली?

शेतकऱ्याच्या बाबतीत निवृत्ती हा शब्दच परका आहे. संत्र्याचा आंबिया किंवा मृग बहर झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकायचा, त्या पैशातून कर्ज फेडायचे, उरले तर घरखर्च. फळगळ झाली, कोळशी किंवा डिंक्या आला, की वर्ष गेले. दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढण्याचा सल्ला पगारदारासाठी लिहिलेला असतो. ज्याचे उत्पन्न वर्षातून एकदा-दोनदा येते त्याला तो लागू होत नाही. त्याच्यासाठी नियम एकच : बहराचे पैसे हाती आले त्याच आठवड्यात ठरलेला हिस्सा टपाल खात्याच्या वा बँकेच्या ठेवीत टाकणे.

मध्य प्रदेशातील शेतकऱ्याला पीएम-किसानचे वर्षाला ६,००० आणि राज्याच्या किसान कल्याण योजनेचे ६,००० असे १२,००० रुपये मिळतात. म्हणजे महिन्याला हजार. हे पैसे वयाशी नव्हे, तर जमिनीवरील नावाशी जोडलेले आहेत. त्यामुळे खसऱ्यावरील नाव हेच म्हाताऱ्याचे निवृत्तिवेतन ठरते. अनेक वृद्ध हयातीत जमीन मुलांच्या नावे करण्यास तयार नसतात, याला आपण हट्ट म्हणतो. वास्तविक तो त्यांच्या परीने केलेला आर्थिक विचार असतो.

जमीन वा घर मुलांच्या नावे करायचेच असेल तर कायद्याचा आधार घ्यावा. ज्येष्ठ नागरिक अधिनियम २००७ च्या कलम २३ नुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता ती अट मोडल्यास परत मिळू शकते. मध्य प्रदेशातूनच गेलेल्या ऊर्मिला दीक्षित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुलाच्या नावे केलेले दानपत्र रद्द ठरवले. तेव्हा ही अट कागदावर स्पष्ट लिहून घेणे, हा निवृत्तीच्या नियोजनाचाच भाग आहे. गोव्यात हा प्रश्न थोडा वेगळा आहे. येथील नागरी कायद्यात सर्वसाधारणपणे पती-पत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि मुलांचा अर्धा हिस्सा राखीव असतो. पण ‘एक-चौदा’च्या उताऱ्यावर आजोबांचेच नाव आणि मालमत्तेची वाटणी रखडलेली, अशी कुटुंबे येथे थोडी नाहीत. कागदावर लाखोंची मालमत्ता आणि हातात औषधापुरते पैसे नाहीत, ही अवस्था त्यातून येते.

साठीला उत्पन्न घटणारी स्त्री

स्त्रियांचा हिशेब आणखी विचित्र आहे. मध्य प्रदेशातील लाडली बहना योजना जून २०२३ मध्ये १,००० रुपयांनी सुरू झाली आणि त्याच वर्षी रक्कम १,२५० झाली. पुढेही ती वाढत गेली. परंतु ती २१ ते ६० या वयासाठी आहे. साठी पूर्ण होताच नाव वगळले जाते आणि पात्र ठरल्यास सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाचे ६०० रुपये सुरू होतात. ज्या वयात हातपाय थकतात, त्याच वयात सरकारी मदत निम्म्याहून कमी होते. मतदार म्हणून स्त्रीचे मोल कोणत्या वयात अधिक मानले जाते, असा प्रश्न कोणी विचारला तर त्यास उत्तर देणे कठीण आहे.

सीमा ओलांडली की रक्कम बदलते. सौंसरहून काही कोसांवर महाराष्ट्र लागतो. तेथे श्रावणबाळ योजनेत दरमहा १,५०० रुपये आहेत, पण वय ६५. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून ज्येष्ठाला दरमहा २,००० रुपये मिळतात, वय ६०, अर्थात उत्पन्नाच्या आणि वास्तव्याच्या अटींसह. केंद्राचा वाटा मात्र ६० ते ७९ वयासाठी २०० रुपये. गेली जवळपास दोन दशके तो तसाच आहे. म्हणजे भारतीय वृद्धाचे म्हातारपण त्याच्या कष्टांवर जितके, तितकेच तो कोणत्या राज्याच्या हद्दीत राहतो यावर ठरते. गोमंतकीयांनी याबद्दल समाधान मानावे, पण सुस्त राहू नये. दोन हजारांत महिना निघत नाही, आणि ही रक्कम आपोआप वाढेल अशी तजवीजही नाही.

उरलेल्या वर्षांत काय करता येईल

पंचावन्नाव्या वर्षी सर्व काही हातचे गेलेले नसते. पहिले काम, कर्ज संपवणे. बारा टक्क्यांचे कर्ज डोक्यावर ठेवून सात टक्क्यांची ठेव करण्यात शहाणपण नाही. दुसरे, आजारपणाची सोय. सत्तरीनंतरच्या सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून आहे, पण साठ ते सत्तर ही दहा वर्षे अनेकांच्या बाबतीत उघडी राहतात. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड नूतनीकरण न केल्यामुळे ऐन वेळी अडचण येऊ नये, एवढे तरी पाहावे.

तिसरे, उरलेल्या वर्षांचा नेटका वापर. कामगाराला आपल्या भविष्यनिर्वाह निधीत सक्तीच्या वाट्याहून अधिक भरता येते. २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होते. दरमहा पाच हजार असे आठ वर्षे भरले आणि आठ टक्के व्याज धरले, तर सुमारे ६ लाख ७० हजार जमतात. साठीनंतर ही रक्कम ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवली, तर एप्रिल २०२३ पासूनच्या ८.२ टक्के दराने महिन्याला साधारण साडेचार हजार येतात. म्हणजे तीस वर्षांच्या ईपीएसइतकेच, आणि मुद्दल शाबूत. मात्र ही रक्कम मुलीच्या लग्नात किंवा घराच्या मजल्यात गेली तर तो आधार राहत नाही. निवृत्तीच्या वर्षी हाती येणारी एकरकमी रक्कम ही पुढील वीस वर्षांचा पगार आहे, हे घरातल्या सर्वांसमोर बोलून ठरवावे. चौथे, प्रत्येक खात्याचे नामनिर्देशन. विशेषतः पत्नीचे नाव.

पण एवढ्यावर थांबणे म्हणजे व्यवस्थेचा दोष माणसाच्या माथी मारणे होईल. ज्या पिढीला चाळिशीच्या अटीने बाहेर ठेवले, तिच्यासाठी स्वतंत्र अल्पमुदतीची योजना, ज्यात माणूस जितके भरेल तितकेच सरकार घालील, ही मागणी अवास्तव नाही. श्रमयोगी आणि किसान मानधनात तरुणांसाठी केंद्र तेवढाच वाटा आजही घालते. सामाजिक निवृत्तिवेतन आणि ईपीएसची किमान रक्कम महागाई निर्देशांकाशी जोडणे हे दुसरे. साठीनंतर मदत घटणार नाही, असा साधा नियम हे तिसरे. रामाकोन्यातील बागवान, बोरगावातील कामगार आणि वेर्ण्यातील कामगार यांची राज्ये वेगळी आहेत. मात्र संसदेत या तीन मागण्या मांडणारा प्रतिनिधी कोणत्याही राज्याचा असू शकतो. गोव्यातून लोकसभेवर दोन खासदार जातात. पुढच्या वेळी मते मागण्यास ते दारी आले, की त्यांना विचारण्यास हा प्रश्न योग्य आहे.