पेटाफ्लॉपपासून पेरणीपर्यंत

मृगाची पहिली सर कोसळते, शेतकरी उसनवारी करून बियाणे मातीत टाकतो आणि नंतर आभाळ पाठ फिरवते. मराठवाडा-विदर्भाच्या कोरडवाहू शिवाराला दुबार पेरणीचे हे संकट नवे नाही. हवामानबदलाने ते अधिक बिकट केले आहे. म्हणूनच महासंगणक हा केवळ शास्त्रज्ञांच्या कौतुकाचा विषय उरत नाही.

हवामान अंदाजासाठी अमेरिकेकडे महासंगणक मागितला असता, १९८०च्या दशकात कमी क्षमतेचे यंत्र अटींसह भारताच्या पदरात पडले. त्या अडवणुकीला पुण्याच्या ‘सी-डॅक’ने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ने उत्तर दिले. २६ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यातील ‘अर्क’ आणि नोएडातील ‘अरुणिका’ हे हवामानासाठीचे महासंगणक राष्ट्रार्पण झाले. खर्च ८५० कोटी रुपये. एकट्या ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे बारा हजार लाख कोटी गणिते! या बळावर मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ कार्यान्वित झाली. पूर्वीच्या १२ किलोमीटरच्या चौकटीची जागा ६ किलोमीटरच्या चौकटीने घेतली. महाबळेश्वरचा धुवांधार पाऊस आणि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील वाई यांतील अंतर ओळखायचे, तर अशीच बारीक जाळी हवी.

ही झेप अभिमानास्पद आहेच; पण ‘अर्क’ची यंत्रसामग्री युरोपीय कंपनीची आहे, हे विसरता कामा नये. त्याच दिवशी लोकार्पण झालेल्या स्वदेशी ‘परम रुद्र’ महासंगणकांनी वाट दाखविली आहे. त्या वाटेने हवामान विभागाचे पुढील यंत्र यावे.

त्याहून मोठा प्रश्न शेवटच्या टप्प्याचा आहे. गावोगावचे पर्जन्यमापक आणि रडार यांच्याकडून अचूक नोंदी मिळाल्या नाहीत, तर महासंगणक तरी काय करणार? आडातच नाही, ते पोहऱ्यात कोठून येणार? अंदाजाचे रूपांतर पीकसल्ल्यात करणारी १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. एकीकडे यंत्रांवर शेकडो कोटी खर्च करायचे आणि दुसरीकडे शेतकऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणारा दुवाच तोडायचा, ही विसंगती आहे. ‘आठवडाभर थांबा, आताच पेरू नका’ एवढे एक वाक्य वेळेवर बांधापर्यंत पोहोचले, तर एका कुटुंबाचे बियाणे वाचते. महासंगणकाच्या यशाचे खरे मोजमाप पेटाफ्लॉपमध्ये नव्हे, तर अशा वाचलेल्या पेरण्यांमध्ये व्हायला हवे.