बीडकरांनो, साठचा बल्ब घटस्थापनेआधी उतरवा!



मागणी एकच आहे. घरात, गोठ्यात, न्हाणीत, देवघरात, दुकानात जिथे अजून पिवळा तारेचा बल्ब किंवा चोकवाली जुनी ट्यूब जळते आहे, तिथे येत्या घटस्थापनेआधी एलईडी लावा. नवरात्र तोंडावर आले की घर झाडून-पुसून, अंथरूण-पांघरूण धुऊन निघतेच. त्याच दिवसांत हेही उरकून टाका. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात आणि कितीतरी घरांत म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे एवढीच मागे राहतात. मग स्टुलावर चढून होल्डरमधला बल्ब बदलणार कोण? म्हणून ही घाई.

‘एका बल्बाने काय होतंय?’ असे कोणी विचारील. दुसऱ्या जिल्ह्यात या प्रश्नाचे उत्तर वीजबिलापासून सुरू झाले असते. बीडमध्ये ते पाण्यापासून सुरू होते.

परळीचे औष्णिक वीज केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे. तिथला ३० मेगावॅटचा पहिला संच १९७१ मध्ये सुरू झाला. पुढे केंद्र वाढत गेले. जुने संच निवृत्त झाल्यावर आज तिथे २५० मेगावॅटचे तीन संच आहेत. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचे आणि ती वाफ पुन्हा गार करायची, असे हे काम चालते. गार करण्याच्या या खेपेतच सर्वांत जास्त पाणी कूलिंग टॉवरमधून हवेत उडून जाते. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये जुन्या औष्णिक केंद्रांना पाणीवापराची मर्यादा घालून दिली, ती एका युनिटमागे साडेतीन लिटर. मर्यादा पाळली तरी एक युनिट वीज म्हणजे साडेतीन लिटरपर्यंत पाणी, असा हिशेब होतो.

परळीला हे पाणी गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून येते. फेब्रुवारी २०१३ मध्ये ते आटले आणि तेव्हा १,१३० मेगावॅट क्षमतेचे असलेले हे केंद्र पूर्ण बंद ठेवावे लागले. २०१५ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात, २०१६ साली, केज तालुक्यात धनेगावला असलेले मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच धरणावर अंबाजोगाई, केज आणि धारूरची तहान भागते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ज्या मुलखात हंड्यामागे बायकांची पायपीट होते, तिथे गोठ्यातला एक बल्ब उगाच पाणी पीत बसला तर ते आपल्याला परवडणारे नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. परळीची वीज थेट बीडच्या घरात येत नाही. ती राज्याच्या जाळ्यात जाते आणि आपल्याला मिळते ती त्या जाळ्यातली. त्यामुळे तुम्ही वाचवलेले युनिट परळीत वाचेल, चंद्रपूरला वाचेल किंवा कोराडीला. पण जाळ्यावरची मागणी कमी झाली की कुठल्या तरी केंद्रात तेवढा कोळसा कमी जळतो, हे नक्की. मागणी वाढली, तर परळीचा पट्टा पुन्हा पाण्याशी आणि राखेशी झुंजतो, हेही तितकेच नक्की. परळीच्या आसपासच्या गावांना राखेचा त्रास काय असतो, ते तिथल्या माणसांना विचारा. वाळत घातलेल्या कपड्यांवरही ती बसते.

‘आता तर बालाघाटावर पवनचक्क्या आल्या, माळावर सौर पट्ट्या आल्या, मग कोळशाची काळजी कशाला?’ हाही प्रश्न रास्त आहे. पण आपण दिवे लावतो केव्हा? दिवस मावळल्यावर. तेव्हा सौर पट्ट्या थांबलेल्या असतात आणि वारा आपल्या सोयीने वाहत नाही. संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळेत दिवे, पंखे, टीव्ही सगळे एकदम सुरू होते आणि तो भार मुख्यतः कोळशावर पडतो. त्यामुळे दिव्यात वाचलेले युनिट नेमके त्या अडचणीच्या वेळेचे असते.

एका घराचा हिशेब

साध्या बल्बात धातूची बारीक तार तापून लाल-पिवळी होते आणि उजेड देते. या खटाटोपात नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत जाते. मे महिन्यात पत्र्याच्या घरात हा बल्ब डोक्यावर छोटी शेगडी पेटवून ठेवतो. साठ वॅटच्या बल्बाइतका उजेड ९ वॅटचा चांगला एलईडी देतो.

घरात साठचे चार बल्ब रोज पाच तास जळतात असे धरा. दिवसाला १.२ युनिट. तिथे ९ वॅटचे चार एलईडी लावले, तर दिवसाला ०.१८ युनिट. म्हणजे दिवसाला एक युनिटाहून थोडी जास्त, महिन्याला तीस आणि वर्षाला सुमारे ३७० युनिटची बचत. औष्णिक केंद्राच्या भाषेत ती अशी: जवळपास १,३०० लिटरपर्यंत पाणी, अडीच क्विंटलच्या आसपास कोळसा आणि त्यातून निघणारी पाऊण क्विंटल राख. हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइडही साडेतीनशे किलोच्या आसपास कमी होतो. एवढे एका घराचे, एका वर्षाचे.

आता जिल्ह्याचे पाहा. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार होती. एका घरात पाच माणसे धरली तरी पाच लाखांवर घरे होतात. त्यांतल्या दीड लाख घरांनी चार-चार बल्ब बदलले आणि ते संध्याकाळी एकाच वेळी लागले, तर जाळ्यावरून ३० मेगावॅटचा भार उतरतो. परळीचा १९७१ चा पहिला संच तेवढ्याच ताकदीचा होता. एक संच उभारायला जमीन लागते, पाणी लागते, वर्षे लागतात. तेवढीच वीज आपण नवरात्राच्या झाडलोटीत मोकळी करू शकतो.

डीपी सगळ्यांची असते

गावोगाव एक तक्रार नेहमीची आहे, ‘डीपी जळाली,’ म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर गेला. मग आठ-पंधरा दिवस अंधार, पिठाची गिरणी बंद, मोबाईल चार्ज करायला तालुक्याला. डीपी जळण्याची कारणे बरीच असतात, पण झेपण्यापलीकडचा भार हे त्यांतले मोठे कारण. शंभर घरांनी साठचे चार-चार बल्ब उतरवले, तर त्या डीपीवरचा वीस किलोवॅट भार हलका होतो. ६३ केव्हीएच्या डीपीच्या हिशेबाने हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला. लाइनीच्या शेवटी असलेल्या वस्तीवर संध्याकाळी दिवे मिणमिणतात, तिथेही याने फरक पडतो.

आकडा टाकून वीज घेणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. आकडा चूकच आहे आणि जिवावर बेतणाराही आहे. रीतसर मीटर घ्या. आणि आकड्यावर साठचा बल्ब दिवस-रात्र जळत ठेवताना ‘आपल्याला कुठं बिल येतंय’ असे म्हणू नका. डीपी जळते तेव्हा अंधार तुमच्याही घरात होतो.

मीटर असणाऱ्यांना बिलाचा फायदा सरळ आहे. घरगुती ग्राहकाला १०० युनिटांपर्यंत एक दर असतो. त्यापुढच्या टप्प्याचा दर जवळपास दुप्पट होतो. महिन्याला तीस युनिट कमी झाले, की १२०-१२५ युनिटांचे घर शंभराच्या आत येते. सगळे आकार धरून युनिटला सहा रुपये लावले, तरी एक बल्ब महिन्याला पंचेचाळीस रुपये वाचवतो. ऐंशी-शंभर रुपयांचा एलईडी दोन-अडीच महिन्यांत फिटतो. पूर्वी ही वस्तू महाग होती, हे खरे. २०१४ मध्ये सरकारी खरेदीतच एका बल्बाला ३१० रुपये पडत होते. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, एकगठ्ठा खरेदी झाली आणि दोनेक वर्षांत हाच भाव ३८ रुपयांवर आला. या योजनेत देशभर ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले. आपल्यापैकी अनेकांनी वीजबिल दाखवून ते घेतलेही. पण ते बैठकीच्या खोलीत लागले आणि मागच्या दारी जुनाच बल्ब राहिला.

कुठे कुठे पाहायचे

म्हणून घराची एक फेरी मारा. न्हाणी, मोरी, गोठा, कडबा ठेवायची खोली, जिना, ओसरी, शेतातले पंपघर. हीच जुन्या बल्बांची शेवटची ठाणी.

देवघरातल्या ‘झिरो’च्या बल्बाकडे विशेष लक्ष द्या. नाव झिरो असले तरी जुना तारेचा झिरो बल्ब बारा ते पंधरा वॅट खातो आणि तो रात्रभर चालू असतो. वर्षाला पन्नासेक युनिट त्यात जातात. अर्ध्या वॅटचा एलईडी तेच काम करतो.

जुनी चार फुटी ट्यूब चाळीस वॅटची म्हणून विकली गेली, पण तिचा तांब्याचा चोक आणखी दहा-पंधरा वॅट घेतो. तिच्या जागी १८ ते २० वॅटची एलईडी पट्टी पुरते.

गावाला जाणाऱ्या टोळीतल्या भावांनो, घरी कोणीच राहणार नसेल तर निघताना मेन स्विच बंद करा. आजी-आजोबा राहणार असतील, तर पलंगाजवळ, चुलीजवळ, न्हाणीच्या वाटेवर आणि अंगणात चांगला उजेड देऊन जा. विंचू-सापाच्या मुलखात म्हातारपणी दिव्याची काटकसर करू नये. कमी विजेत जास्त उजेड मिळतो, म्हणून तर एलईडी.

घेताना काय बघायचे

बाजारच्या दिवशी पाटीत मांडलेला वीस-तीस रुपयांचा बिननावाचा एलईडी घेऊ नका. आपल्याकडे व्होल्टेज कधी चढते, कधी पडते. अशा बल्बातले सर्किट महिनाभरात बसते आणि मग ‘एलईडी टिकतच नाही’ असा बोभाटा होतो. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची स्टार पट्टी बघा. वॅटबरोबर ल्युमेनचा आकडा बघा, उजेड किती ते त्यावरून कळते. ९ वॅटला ८०० ते ९०० ल्युमेन असावेत. पक्के बिल घ्या, वॉरंटीची तारीख लिहून घ्या आणि खोके जपून ठेवा. डोळ्यांना पांढराफटक उजेड बोचत असेल, तर पिवळसर उजेडाचा एलईडीही मिळतो.

उतरवलेला तारेचा बल्ब पुन्हा दुसऱ्या होल्डरमध्ये लावू नका. सीएफएल आणि जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. त्या उकिरड्यावर फोडू नका, पोरांच्या हाती देऊ नका. शेणखतातून तो पारा शेतात जाईल. अख्ख्या ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच द्या. घरात फुटलीच तर दारे-खिडक्या उघडा, झाडू न लावता ओल्या कागदाने तुकडे उचला.

गावाने करायचे ते

बचत गटांतील ताईंनो, एकेका घराने बल्ब घेण्यापेक्षा गटाने शंभर-दोनशे एकदम घ्या. भाव कमी पडेल आणि खराब निघाला तर दुकानदार ऐकेल.

गुरुजी आणि बाई, मुलांना आठवडाभराचा एक गृहपाठ द्या: घरातले दिवे मोजायचे, वॅट लिहायचे, तास लिहायचे आणि गुणाकार करून युनिट काढायचे. पोराने वहीत मांडलेला हिशेब बाप नाकारत नाही.

हरिनाम सप्ताह, नवरात्र मंडळे आणि लग्नाचे मांडव यांच्यासाठी एक आकडा. पाचशे वॅटचे सहा हॅलोजन रोज आठ तास लावले, तर सप्ताहभरात १६८ युनिट जातात. शंभर वॅटचे सहा एलईडी फोकस तेच काम ३४ युनिटांत करतात. मंडपवाल्याला सुपारी देतानाच ही अट घाला.

ग्रामपंचायतींनी रस्त्यावरचे दिवे एलईडी केले असतील, तरी काम अर्धेच झाले आहे. भर दुपारी जळणारे खांब आपण सगळे पाहतो. स्वतंत्र स्विच किंवा टायमर बसवा आणि दिव्याचे तोंड जमिनीकडे ठेवा. येत्या ग्रामसभेत हा विषय मांडा, ठराव घ्या आणि दिवे बंद करण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लिहा.

हीच ताकीद घरालाही. एलईडी स्वस्त पडतो म्हणून चारच्या जागी आठ लावले आणि रात्रभर जळत ठेवले, तर बचत गेलीच. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करण्याची सवय कुठल्याही स्टार पट्टीपेक्षा मोठी आहे.

बीडकरांनो, पाऊस आपल्या हातात नाही. धरण भरणे हातात नाही. होल्डरमधला बल्ब मात्र आहे. आज संध्याकाळी दिवे लागले की घरातून एक फेरी मारा, जुने बल्ब मोजा, उद्या बाजारातून तितके एलईडी आणा आणि घट बसायच्या आत लावून टाका. स्वतःचे झाले की शेजारच्या एकट्या म्हातारीचा बल्बही तुम्हीच बदलून द्या.