न दिसणाऱ्या थकव्याची दखल

दुपारी कचेरीतला एखादा कारकून कामाच्या ढिगापुढे मान टाकून बसतो, किंवा एखाद्या शिक्षिका पाचव्या तासाला खडू खाली ठेवून खुर्चीचा आधार घेतात, तेव्हा पाहणाऱ्यांच्या मनात सहानुभूतीच्या आधी संशय येतो. हाताला प्लास्टर नाही, काखेत कुबडी नाही, अंगात ताप नाही. मग हा थकवा कसला? मल्टिपल स्क्लेरोसिस या विकाराने ग्रासलेल्यांना हा प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. कामचुकारपणाचा हा आरोप मूळ व्याधीइतकाच त्यांना खचवतो.

या विकारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि दृष्टीचे मज्जातंतू यांच्यावरील मायलिन नावाच्या आवरणावरच उलटते. आवरण झिजले की संदेशांचे वहन मंदावते किंवा खंडित होते. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ साली या रोगाचे स्वरूप प्रथम स्पष्टपणे मांडले. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान, म्हणजे नोकरी आणि संसार यांची घडी बसत असतानाच गाठतो. पुरुषांच्या मानाने स्त्रियांमध्ये तो दुपटीहून अधिक आढळतो. २०२० मधील अंदाजानुसार जगात त्याचे सुमारे २८ लक्ष रुग्ण होते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेने भारतात त्याचे प्रमाण कमी आहे, हे खरे. परंतु त्यामुळेच त्याविषयीचे अज्ञान अधिक आहे.

सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांना या रोगातील थकवा जाणवतो. श्रमानंतर येणारा शीण रात्रीच्या झोपेने जातो. हा जात नाही. इजा झालेल्या मार्गांवरून तेच काम करून घेण्यासाठी मेंदूला अधिक कष्ट पडतात, आणि रोगातील दाहही त्यात भर घालतो. उष्णतेने तर लक्षणे तात्पुरती बळावतात. ही गोष्ट जर्मन नेत्रवैद्य उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवली होती. शरीराचे तापमान अर्ध्या अंशाने वाढले, तरी काहींची दृष्टी अंधुक होते व पाय जड होतात. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली वर्ग घेणे म्हणजे अशा व्यक्तीला काय असेल, याची कल्पना करता येईल.

थकव्याच्या जोडीला येते ते नैराश्य. जवळजवळ निम्म्या रुग्णांना आयुष्यात केव्हा ना केव्हा तीव्र नैराश्याला तोंड द्यावे लागते. दुर्धर रोग जडला म्हणून मन खिन्न होणे स्वाभाविकच आहे. तथापि येथे मेंदूतील इजा आणि दाह हेही त्याचे कारण असू शकते. थकलेल्या माणसाला करावेसे वाटते, पण शरीर साथ देत नाही; निराश माणसाची इच्छाच मावळते. दोन्ही अवस्था एकमेकींत मिसळतात व एकमेकींना वाढवतात. या रुग्णांत आत्महत्येचा धोकाही सर्वसामान्यांहून अधिक असतो. अशा वेळी ‘मन खंबीर कर’ हा घरोघरी दिला जाणारा उपदेश निरुपयोगीच नव्हे, तर घातकही ठरतो.

उपायांचा विचारही डोळसपणे व्हावयास हवा. थकव्यावर दिली जाणारी तीन प्रचलित औषधे १४१ रुग्णांवर तपासण्यात आली. ती नुसत्या दिखाऊ गोळीहून सरस ठरत नाहीत, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. उलट, झेपेल असा नियमित व्यायाम आणि विचार व वर्तन यांना वळण देणारी मानसोपचार पद्धती यांनी अनेकांना गुण येतो. रक्तक्षय, थायरॉइडचा दोष, झोपमोड, स्नायूंचा ताठरपणा घालवणाऱ्या औषधांची गुंगी ही कारणेही शोधून दूर करता येतात. नैराश्य तर निश्चितच उपचारसाध्य आहे. म्हणून रुग्णाच्या प्रत्येक भेटीत पायांची ताकद तपासणाऱ्या डॉक्टरांनी त्याच्या मनाची विचारपूसही केली पाहिजे.

कायद्याने एक पाऊल टाकले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत या विकाराचा नावानिशी समावेश झाला. सेवेत असताना अपंगत्व आले, तर सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढता वा पदावनत करता येत नाही, हेही त्यात नमूद आहे. मात्र नोकरीतील आरक्षणाच्या कलमात या विकाराचा नामनिर्देश नाही. शिवाय अनेक लाभ चाळीस टक्के अपंगत्वाच्या अटीशी बांधलेले आहेत. ही टक्केवारी दिसणाऱ्या व्यंगाची होते, न दिसणाऱ्या थकव्याची सहसा होत नाही. या रोगासाठी जगभर रूढ असलेली कुर्ट्झके यांची श्रेणीदेखील चार अंकांपुढे मुख्यत: चालण्याच्या क्षमतेवर आधारलेली आहे. चार पावले नीट चालणारा माणूस चार तास काम करू शकतोच, असे त्यावरून ठरत नाही.

न दिसणाऱ्या लक्षणांना मान्यता दिली, तर कामचुकारांचे फावेल, असा आक्षेप घेतला जाईल. परंतु या रोगाचे निदान कोणाच्या तोंडी तक्रारीवर होत नाही. मेंदूविकारतज्ज्ञाची तपासणी आणि एमआरआय यांच्या आधारे ते होते. शिवाय रुग्णाची मागणी ती केवढी? अवघड तास सकाळी मिळावेत, वर्ग तळमजल्यावर असावा, डोक्यावर पंखा असावा आणि दुपारी वीस मिनिटे पाठ टेकता यावी. तिजोरीवर याचा भार पडत नाही. ते नाकारल्यास मात्र वीस-पंचवीस वर्षे सेवा देऊ शकणारा एक शिक्षक किंवा कारकून अकाली घरी बसतो. त्याला दयेची नव्हे, विश्वासाची गरज आहे. आणि तो देणे मुख्याध्यापक, वरिष्ठ व सहकारी यांच्या हाती आहे.